श्पोताकोव्हा, बार्बोरा

श्पोताकोव्हा, बार्बोरा : (३० जून १९८१ – ). चेक भालाफेकपटू. महिलांच्या भालाफेकीत २००८ व २०१२ अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील तीन सुवर्णपदके आणि ७२.२८ मीटरचा विश्वविक्रम तिच्या नावावर आहे. तिच्या कारकिर्दीचा आलेख मांडताना एक अडचण येते. यातील एक जागतिक सुवर्णपदक तिला मैदानावर नव्हे, तर स्पर्धा संपल्यानंतर कित्येक वर्षांनी, प्रयोगशाळेतील फेरतपासणीमुळे मिळाले. त्यामुळे त्या दिवशी प्रेक्षकांनी पाहिलेला निकाल आणि आज कागदावर असलेला निकाल हे दोन्ही सांगितल्याशिवाय तिची नोंद पुरी होत नाही.

काचेच्या मण्यांसाठी व नकली दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर बोहेमियातील याब्लोनेत्स या गावी तिचा जन्म झाला. तिची सुरुवात भालाफेकीने नव्हे, तर हेप्टाथलॉनने झाली. दोन दिवस चालणाऱ्या या प्रकारात अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर धावणे, लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर धावणे अशा सात स्पर्धा याच क्रमाने होतात. २००० साली चिलीतील सांतियागो येथे झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत ती हेप्टाथलॉनमध्ये चौथी आली. पुढे काही काळ अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शिकत असतानाही ती याच प्रकारात उतरत असे. सातांपैकी सहाव्या स्पर्धेत, म्हणजे भाल्यात, ती इतरांना सहज मागे टाकत असल्यामुळे तिने हळूहळू बाकीच्या सहांचा नाद सोडला. हेप्टाथलॉनची ही वर्षे मात्र वाया गेली, असे म्हणता येणार नाही. निव्वळ खांद्याच्या बळावर फेकणाऱ्या स्पर्धकांच्या तुलनेत धावण्याचा वेग आणि उडीची लवचीकता या तिच्या जमेच्या बाजू राहिल्या.

महिलांचा भाला किमान ६०० ग्रॅम वजनाचा आणि २.२० ते २.३० मीटर लांबीचा असतो. चार मीटर रुंदीच्या धावपट्टीवरून धावत येताना शेवटची काही पावले आडवी, म्हणजे पाय एकमेकांपुढून ओलांडत, टाकली जातात. या वेळी भाला धरलेला हात मागे पूर्ण ताणलेला असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या खेळाडूचा डावा पाय शेवटी ताठ रोवला जातो, धावणारे शरीर त्या पायाशी क्षणात अडते आणि धावेचा सारा वेग कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि कोपरातून भाल्यात उतरतो. हा रोवलेला पाय गुडघ्यात थोडा जरी मुडपला, तरी काही मीटर गमावले जातात. भाला सुटल्यावर तोल सावरताना पुढची वक्ररेषा ओलांडली, तर फेक बाद होते. भाल्याचे टोक आधी जमिनीला लागणेही आवश्यक असते.

तिच्या विश्वविक्रमाची किंमत कळण्यासाठी भाल्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो. १९८८ साली पूर्व जर्मनीच्या पेट्रा फेल्केने बरोबर ८०.०० मीटर अंतर नोंदवले होते, आणि हा आकडा पाहून ७२ मीटर किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि जुन्या घडणीचा भाला हवेत तरंगत राहून आडवा पडत असे व टोक आधी टेकले की नाही, यावर पंचांचे वाद होत. त्यामुळे १९९९ साली महिलांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला (पुरुषांच्या भाल्यात हा बदल १९८६ मध्येच झाला होता). नवा भाला लवकर नाक खाली करतो, म्हणून अंतर कमी भरते. या बदलाबरोबर विक्रमांची वहीही कोरी करण्यात आली. श्पोताकोव्हाची तुलना म्हणून फेल्केशी नव्हे, तर नव्या भाल्याने ७१.७० मीटर फेकणाऱ्या क्यूबाच्या ओस्लेइदिस मेनेंदेसशी करावी लागते.

चेक लोकांना या खेळाची परंपरा नवी नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दाना झातोपेकोव्हा यांनी भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच दिवशी त्यांचे पती, विख्यात धावपटू एमिल झातोपेक यांनी ५,००० मीटर शर्यत जिंकली. पुरुषांमध्ये यान झेलेझ्नी यांनी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, आणि १९९६ मधील त्यांची ९८.४८ मीटरची फेक हा आजही विश्वविक्रम आहे. प्रागच्या दुक्ला या लष्करी क्लबकडून खेळणाऱ्या श्पोताकोव्हाला आधी रुडॉल्फ चेर्नी यांचे व पुढे झेलेझ्नी यांचे मार्गदर्शन लाभले. हेच झेलेझ्नी २०२४ च्या अखेरीस नीरज चोप्राचे प्रशिक्षक म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्यांचे नाव भारतीय वर्तमानपत्रांत ठळकपणे आले.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिला अंतिम फेरी गाठता आली नाही. २००६ मध्ये गोथेनबर्गच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीच्या श्टेफी नेरिउसपेक्षा अवघ्या १८ सेंटिमीटरने मागे राहून तिने रौप्यपदक घेतले. पुढच्याच वर्षी ओसाका येथे ६७.०७ मीटरच्या फेकीने ती जगज्जेती झाली.

बेजिंग ऑलिंपिकची अंतिम फेरी २१ ऑगस्ट २००८ रोजी झाली. रशियाच्या मारिया अबाकुमोव्हाने ७०.७८ मीटर फेकून आघाडी घेतली होती. श्पोताकोव्हाच्या हाती एकच, सहावी फेक उरली होती. तिने ती ७१.४२ मीटरवर टाकली आणि ६४ सेंटिमीटरच्या फरकाने सुवर्णपदक आपल्याकडे वळवले. चेक प्रेक्षकांच्या दृष्टीने या तारखेला वेगळाच अर्थ होता. बरोबर ४० वर्षांपूर्वी, १९६८ च्या २१ ऑगस्टला, सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले होते. नंतर पत्रकारांशी बोलताना तिनेही त्या दिवसाची आठवण काढली. खेळाच्या निकालात राजकारण शोधू नये हे खरे असले, तरी त्या दिवशी प्रागमध्ये हा योगायोग कोणाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्यानंतर २३ दिवसांनी, १३ सप्टेंबर रोजी, जर्मनीतील श्टुटगार्टमध्ये मोसमाच्या अखेरच्या मोठ्या स्पर्धेत तिने ७२.२८ मीटर अंतर नोंदवून मेनेंदेसचा विक्रम ५८ सेंटिमीटरने मोडला. पोलंडच्या मारिया आंद्रेइचिकने २०२१ मध्ये ७१.४० मीटरपर्यंत मजल मारली, पण हा विक्रम पंधरा वर्षांहून अधिक काळ कोणाच्याही हाती लागला नाही.

त्यानंतरची वर्षे पदकांची असली, तरी सुवर्णाची नव्हती. २००९ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नेरिउसने घरच्या प्रेक्षकांसमोर तिला पुन्हा मागे टाकले, तर २०१० मध्ये बार्सेलोनाच्या युरोपीय स्पर्धेत तिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे तिने ७१.५८ मीटर फेक केली. जागतिक अजिंक्यपदाच्या कोणत्याही अंतिम फेरीत एवढे अंतर सहसा पुरेसे ठरले असते. त्या दिवशी मात्र अबाकुमोव्हाचा भाला ७१.९९ मीटरवर पडला आणि श्पोताकोव्हा रौप्यपदक घेऊन परतली. ४१ सेंटिमीटरचा हा फरक पुढे निराळ्याच मार्गाने मिटला. बेजिंगच्या वेळी साठवून ठेवलेल्या नमुन्यांची आधुनिक पद्धतीने फेरतपासणी झाली, तेव्हा अबाकुमोव्हाच्या नमुन्यात उत्तेजक द्रव्य आढळले. २०१६ मध्ये तिचे बेजिंगचे रौप्यपदक काढून घेण्यात आले, आणि बेजिंगनंतरच्या चार वर्षांतील तिचे निकालही रद्द ठरले. बेजिंगमध्ये श्पोताकोव्हाचे स्थान बदलले नाही, कारण ती आधीच पहिली होती. बदल झाला तो जर्मनीची क्रिस्टिना ओबर्गफ्योल आणि ब्रिटनची गोल्डी सेयर्स यांच्या स्थानांत. त्या अनुक्रमे दुसऱ्या व तिसऱ्या झाल्या. देगूचे सुवर्णपदक मात्र श्पोताकोव्हाकडे आले. अशा उशिरा आलेल्या पदकासोबत भरलेल्या मैदानात वाजणारे राष्ट्रगीत येत नाही, हे त्या पदकाचे उणेपण कोणत्याही कागदी दुरुस्तीने भरून निघत नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये असा कोणताच गुंता नव्हता. तिने ६९.५५ मीटर फेकले, तर दुसऱ्या आलेल्या ओबर्गफ्योलला ६५.१६ मीटरच्या पुढे जाता आले नाही. चार मीटरांहून मोठे हे अंतर ऑलिंपिक अंतिम फेरीत क्वचित दिसते. महिलांच्या भालाफेकीत सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके याआधी फक्त पूर्व जर्मनीच्या रूट फुक्सने (१९७२, १९७६) मिळवली होती.

२०१३ मध्ये पहिल्या मुलाच्या जन्मामुळे ती स्पर्धांपासून दूर राहिली. परतल्यावर २०१४ मध्ये झ्युरिकला ६४.४१ मीटरच्या फेकीने तिने युरोपीय सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक, जागतिक पद आणि विश्वविक्रम हाती येऊनही तोवर हेच एक पदक तिला हुलकावणी देत होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाची सारा कोलाक पहिली आली, तर दक्षिण आफ्रिकेच्या सुनेट फिल्युनने १२ सेंटिमीटरच्या फरकाने श्पोताकोव्हाला कांस्यपदकावर रोखले. तिच्या या तिसऱ्या ऑलिंपिक पदकानंतर ती उतरणीला लागली, असा अंदाज अनेकांनी बांधला असेल, पण २०१७ मध्ये लंडनच्याच मैदानावर ६६.७६ मीटर फेकून, ओसाकानंतर दहा वर्षांनी, ती पुन्हा जगज्जेती झाली. विश्वविक्रमापेक्षाही हे दहा वर्षांचे अंतर तिच्या कारकिर्दीत अधिक असामान्य म्हणावे लागेल. भालाफेक कोपर, खांदा व पाठ यांवर निर्दयपणे ताण टाकणारी असते, आणि इतका काळ अव्वल राहिलेल्या खेळाडू त्यात विरळाच.

२०१८ मध्ये तिला दुसरा मुलगा झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती पात्रता फेरीच्या पुढे जाऊ शकली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये म्युनिकला झालेल्या युरोपीय स्पर्धेत, वयाच्या ४१ व्या वर्षी, तिने ६०.६८ मीटर फेकून कांस्यपदक मिळवले. गोथेनबर्गच्या पहिल्या युरोपीय पदकाला तेव्हा १६ वर्षे झाली होती. त्या दिवशी सुवर्णपदक जिंकणारी ग्रीसची एलिना त्झेंगो १९ वर्षांची, तर रौप्यपदक जिंकणारी सर्बियाची आद्रिआना विलागोश १८ वर्षांची होती. दोघींच्या वयाची बेरीज केली, तरी ती श्पोताकोव्हाच्या वयाइतकी भरत नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने निवृत्ती घेतली.