पेठेतली झांज, कॅम्पातला ऑर्गन: पुण्याच्या मराठी ख्रिस्ती गायनवृंदांची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की पुण्यातल्या मराठी चर्चच्या गायनवृंदांना उसंत नसते. रविवारची उपासना, संध्याकाळी घरोघरी नाताळची गाणी, मध्येच एखादा वृद्धाश्रम किंवा दवाखाना, आणि जमलं तर गाडी करून एखाद्या गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, दोन दिवस. पंधरा-वीस माणसं, हार्मोनियम, तबला किंवा ढोलकी, आता बहुधा कीबोर्ड आणि गिटारही. दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी उठून साक्ष देतं, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगतं, पाळक बरोबर असले तर छोटासा संदेश होतो, आणि लगेच पुढचं गाणं. बाहेरच्या माणसाला हा प्रकार अर्धा भजनाचा आणि अर्धा कॉन्सर्टचा वाटतो. वाटणारच, कारण तो दोन्हीकडून आला आहे. मात्र हे दोन्ही एका रात्रीत जुळलेलं नाही. त्यात भांडणं झाली, फसलेले प्रयोग झाले आणि एका कवीने बाजू पालटल्यावर बरंच काही बदललं.

आधी पुण्याचा नकाशा पाहू. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च 1792चं. पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते उभं राहिलं, कारण त्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक अधिकारी आणि शिपाई होते. इंग्रज आल्यावर कॅम्पात 1825 साली सेंट मेरीज झालं, 1850 साली सेंट पॅट्रिक्स. ही पलटणीची आणि साहेबांची देवळं. तिथे ऑर्गन, इंग्रजी किंवा लॅटिन गाणी आणि कॉयरच्या पोरांना पांढरे झगे. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं पवित्र नाम देवालय 1885चं. पंचहौद म्हटलं की पुणेकराला 1890चा मिशनऱ्यांकडचा चहा आणि त्यावरून लोकमान्य टिळक-रानड्यांवर आलेलं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, आठवतो. पण इथली मराठी मंडळी पेठेत राहणारी होती आणि पेठेतले आवाज तिच्या कानावर रोज पडत होते. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत मुक्काम करते, तुकारामांची नाना पेठेत. म्हणजे पुण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीपासून टाळ-मृदंग हाकेच्या अंतरावर. पुढे जे घडलं ते समजायला हे अंतर लक्षात ठेवावं लागतं.

मराठीत ख्रिस्ती काव्य त्याआधीही होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, आणि त्या देवळातून म्हटल्याही जात. पण तो धागा देशावरच्या नव्या मंडळ्यांपर्यंत पोहोचला नाही. तिथली सुरुवात वेगळ्या लोकांनी, वेगळ्या कल्पना घेऊन केली. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं आणि 1831 साली त्याने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. नगरच्या हेन्री बॅलंटाइन यांनी इंग्रजी गीतं मराठीत आणली. काम कष्टाचं आणि मनापासून केलेलं होतं. गाताना मात्र घोळ होई.

घोळ असा. इंग्रजी हिम्नचं माप अक्षरांच्या मोजणीवर आणि शब्दातल्या आघातावर चालतं: आठ-सहा-आठ-सहा, अमुक ठिकाणी जोर. मराठी कान ऐकतो ऱ्हस्व आणि दीर्घ. परकी चाल तशीच ठेवून तिच्यात मराठी शब्द बसवले की लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर पडतो आणि दीर्घ अक्षर घाईघाईत उरकावं लागतं. शब्द कळतात, पण ओळ गळ्यात बसत नाही. शिवाय ती चाल माहीत असायला आधी ती कोणीतरी शिकवावी लागते. चर्चच्या बाकांवर बसलेल्यांना ती शिकवता येते. बाजाराच्या दिवशी झाडाखाली थांबलेल्या माणसाला नाही.

इथे मिशनकार्याचा प्रश्न येतो. गाणं फक्त उपासनेसाठी असतं तर परक्या चालींवरही भागलं असतं, आणि पुष्कळ मंडळ्यांत ते आजही भागतं. पण सुवार्ता घेऊन गावात जायचं तर लोक जमवणारा आणि त्यांना दोन तास बसवून ठेवणारा प्रकार हवा. तो महाराष्ट्रात तयारच होता. 1860च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, मधली पदं, मागे उभे टाळकरी, सगळं तसंच, फक्त आख्यान येशूचं. कृष्णराव सांगळे हे या कीर्तनकारांतलं मोठं नाव. पदंही ते स्वतः रचत. साहेब मंडळींपैकी काहींना हे रुचलं नाही. जो साज देवळातल्या कथेचा, तो आपल्या संदेशाला कशाला, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण साजाबरोबर त्याचे अर्थही येतात. पण गर्दी कीर्तनाला जमत होती आणि पुढे गेलं ते कीर्तनच. आजच्या गायनवृंदाच्या कार्यक्रमात गाणं, बोलणं, पुन्हा गाणं अशी जी वीण दिसते, ती कॉन्सर्टपेक्षा या कीर्तनातून आली आहे, असं माझं मत आहे.

मग आले नारायण वामन टिळक. जन्म 1861, कोकणातले चित्तपावन, संस्कृत आणि मराठी दोन्हींवर पकड, कवी म्हणून आधीच नाव. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरात काय वादळ उठलं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला पाठ आहे. गाण्याच्या बाजूने काय झालं ते तेवढं सांगितलं जात नाही. टिळकांच्या आधीची बरीचशी गीतं परक्या चालीत मराठी शब्द बसवून झालेली होती. टिळकांना तशी गरजच नव्हती. अभंग, पदं, साकी, दिंडी हे त्यांच्या अंगातच होतं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत, आणि त्यांची शेकडो गीतं वाचली की हे नुसतं बोलणं नव्हतं हे पटतं. ‘उपासनासंगीत’ हे मराठी मंडळ्यांचं गीतपुस्तक आज उघडलं तरी टिळकांचं नाव पानोपानी भेटतं. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या वहीत बसणारी ही कल्पना नव्हती, आणि 1919 साली ते गेल्यावर ती फार टिकली नाही. गाणी टिकली.

पुण्याचा वाटा इथे येतो, आणि तो उलट्या दिशेचा आहे. पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांची गीतं इंग्रजीत नेली आणि ती ब्रिटनच्या गीतपुस्तकांत गेली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी संतचरित्रांच्या इंग्रजी अनुवादांची मालिका काढली, तीही छापली गेली पुण्याच्या स्कॉटिश मिशन इंडस्ट्रीजमध्ये. शंभर वर्षं गाणी तिकडून इकडे येत होती. आता थोडी इकडून तिकडे गेली.

दुसरा प्रवाह रस्त्यावरचा. मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेची, पहिली तुकडी सप्टेंबर 1882 मध्ये मुंबईत उतरली: फ्रेडरिक टकर आणि आणखी तिघं. वाद्यं वाजवत मिरवणूक काढल्याबद्दल थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली. रस्त्यावर गाण्यासाठी परवाना लागतो, हा धडा ख्रिस्ती गायकांना तेव्हापासूनचा! टकर पुढे फकीरसिंग नाव घेऊन भगव्या कपड्यांत फिरले. पितळी बँड आणि ढोल या फौजेने आणला, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाणारे लोक हेच मिशनरी, ही कल्पना. वेगळा प्रचारक आणि वेगळे गवई अशी विभागणी त्यात नव्हती.

याच सुमारास अमेरिकेत आणखी एक नमुना तयार झाला होता. नॅशव्हिलच्या फिस्क शाळेची इमारत पडायला आली होती आणि पैसा नव्हता. 1871 साली तिथले नऊ विद्यार्थी, बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले, आपल्या लोकांची गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि त्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा राहिला. फिस्कच्या नावाने गाणारा एक वृंद 1890च्या आसपास हिंदुस्थानातही येऊन गेला. गाणं, साक्ष आणि संस्थेसाठी निधी असा तिहेरी वृंद जगभरच्या चर्चने यांच्याकडून उचलला. आपल्याकडे शाळा-वसतिगृहांसाठी होणारे ख्रिस्ती गायनाचे कार्यक्रम त्याच घराण्यातले.

पंडिता रमाबाईंचं घराणं मात्र वेगळं. वडिलांबरोबर देशभर पुराणं सांगत फिरलेली ही बाई. श्रोत्यांसमोर उभं राहून म्हणणं तिला लहानपणापासून येत होतं. शारदा सदन 1890 साली पुण्यात आलं, आणि प्लेग-दुष्काळाच्या काळात सगळा पसारा केडगावला गेला. 1905 साली तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आध्यात्मिक पुनरुज्जीवन झालं आणि मुलींच्या टोळ्या प्रार्थना-गाणी करत गावोगाव निघाल्या. त्या काळात बाईने चारचौघांत उभं राहून गाणं हीच मोठी गोष्ट, आणि इथे दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली गात होत्या. मराठी ख्रिस्ती गायनवृंदात आज बायका पुढच्या रांगेत असतात आणि अनेकदा म्होरक्याही असतात, त्याचं एक मूळ केडगावात शोधावं लागेल.

पुढचा टप्पा शिवाजीनगरचा. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922 साली ख्रिस्त सेवा संघ काढला. 1920च्या दशकाच्या अखेरीस संघाचा आश्रम पुण्यात आला. टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे हेच विन्स्लो. खादी, जमिनीवर बसून उपासना, भजनं. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात पहिल्यांदा आले ते याच संघात. कॅथलिक चर्चमध्ये असा मोकळेपणा यायला 1963 उजाडावं लागलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषेला दार उघडल्यावर लॅटिन मागे पडत गेली आणि मराठी गीतं, तबला, पेटी मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, आली. पेटी तशी मूळची परदेशीच, पण एव्हाना हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

आता थोडं सुरांबद्दल, कारण तालमीत खरं भांडण तिथेच होतं. आपलं गाणं एकसुरी, म्हणजे सगळ्यांनी एकच चाल गायची. पुरुषांना काळी एक किंवा दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. एकत्र गायचं तर एकाचा गळा वर ताणतो किंवा दुसऱ्याचा खाली घसरतो. पाश्चात्त्य चार आवाजांची पद्धत हा प्रश्न सोडवते: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास, ज्याला जे झेपेल ते. पण तिला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर, लागतात आणि रागाला ते मानवत नाहीत. भूप घ्या. मध्यम आणि निषाद वर्ज्य. षड्जाच्या कॉर्डनंतर सर्वांत जास्त वापरले जाणारे दोन कॉर्ड म्हणजे मध्यमाचा आणि पंचमाचा. पहिल्यात मध्यम येतो, दुसऱ्यात निषाद. म्हणजे चार आवाज आले की भूप गेलाच. वृंद यातून वाटा काढतात. कोणी कडवं बायकांना आणि ध्रुवपद सगळ्यांना देतं. कोणी पुरुषांकडून नुसता सा-प धरून ठेवतं. कोणी कीर्तनातल्यासारखं एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असं करतं. अभंगाला शेवटचा मार्ग सगळ्यांत शोभतो. अभंग चार आवाजांत बांधलेला ऐकला की बांधणाऱ्याचं कौतुक वाटतं, पण अभंग ऐकल्याचं समाधान मिळत नाही.

पुण्यात हा गुंता वाढला तो सेमिनऱ्यांमुळे, म्हणजे धर्मगुरू आणि पाळक घडवणाऱ्या विद्यालयांमुळे. पेपल सेमिनरी 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून नगर रोडला आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली यवतमाळहून बिबवेवाडीला. देशभरचे विद्यार्थी आले, त्यात ईशान्येकडचेही. मिझोराममध्ये टॉनिक सोल्फा, म्हणजे डो-रे-मी अक्षरांत सूर लिहिण्याची पद्धत, चर्चमध्येच शिकतात, चार आवाजांत गाणं त्यांना आपल्या ओवीइतकं सोपं. कॅम्पात तमिळ, मल्याळी, कोंकणी मंडळ्या होत्याच. मराठी तरुण संघातली मुलं हे सगळं ऐकत वाढली. त्यात हिंदी स्तुती-आराधनेची लाट आली, पडद्यावर शब्द आणि हातात गिटार. गीतपुस्तक बाजूला पडलं.

सगळीकडे नाही. पुण्यातली अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबं नगर, जालना, सोलापूरकडून आलेली. सुट्टीत वृंद गाडी करून निघतो तो पुष्कळदा त्याच दिशेला, आपल्याच आजोळच्या मंडळीत. दीडशे वर्षांपूर्वी कीर्तन बाजारात उभं राहत होतं. आज गाणं बहुतेक वेळा आपल्याच माणसांसमोर होतं. काही अंशी धर्मांतराच्या संशयाचं वातावरण हे त्याचं कारण आहे, पण सगळा दोष त्याला देता येणार नाही. टिळकांसारखा बाहेरच्या श्रोत्याला आपला वाटणारा कवीही पुन्हा झाला नाही. वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात गाताना बरेच वृंद संदेश टाळतात, फक्त गाणी म्हणतात, फळं वाटतात आणि निघतात. हेही मिशनकार्यच, असं त्यांचं म्हणणं. गावच्या मंडळीत मात्र जुने वडीलजन फर्माईश करतात ती टिळकांच्या पदाची, तीही पुस्तकातल्या क्रमांकाने. मग कीबोर्डवाला मोबाइलवर सूर शोधत बसतो आणि तोवर गावच्या झांजवाल्याने पहिलं कडवं सुरू केलेलं असतं.