मंदीत मत फिरते ते कोणाचे?

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला तेव्हा जेमतेम सात आठवडे उरले होते. त्याआधीच्या काही दिवसांत सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन बऱ्याच जनमत चाचण्यांत किंचित पुढे होते. बँक बुडाली त्याच दिवशी ते सभेत म्हणाले की, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. महिनाअखेरीस विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा आघाडीवर होते आणि नोव्हेंबरमध्ये ते ३६५ विरुद्ध १७३ निर्वाचक मतांनी निवडून आले.

त्या सात आठवड्यांत बहुतेक मतदारांची नोकरी शाबूत होती, पगारही होत होता. मग मत फिरले कशाने? खिशाला चटका बसला की माणूस सरकारवर राग काढतो, असे आपण धरून चालतो. डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किविएट या राज्यशास्त्रज्ञांनी १९८१ साली अमेरिकी सर्वेक्षणांवरून वेगळेच दाखवले. मतदानाशी जास्त घट्ट संबंध असतो तो ‘देशाचं कसं चाललंय’ या मताचा, स्वतःच्या घरातल्या ओढाताणीचा तेवढा नाही. एकट्याची नोकरी गेली तर तो मालकाला, नशिबाला, नाहीतर स्वतःलाच दोष देतो.

गोव्याच्या खाण भागात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या. डिचोलीत एकाच घरापुढे ट्रक उभा राहिला असता, तर ती त्या घराची अडचण ठरली असती. पण ट्रक ओळीने उभे, हप्ते थकलेले, गॅरेजला काम नाही, किराणावाल्याच्या वहीत उधारीच उधारी. असे झाले की ज्याचा खाणीशी काही संबंध नाही तो शिक्षकही विचारतो, ‘सरकार करतंय काय?’  हा प्रश्न आपल्याकडे विधानसभेच्या आणि लोकसभेच्या मतदानात उतरतो.

मला त्याहून मोलाची वाटते ती वेळ. मतदार चार वर्षांचा सगळा हिशेब मांडत बसत नाही, शेवटच्या काही महिन्यांना तो जास्त वजन देतो. त्यातही कागदावरची सुधारणा घरापर्यंत पोचायला वेळ लागतो. अमेरिकेतली मंदी मार्च १९९१ मध्ये संपली होती, पण बेरोजगारी वाढतच राहिली आणि जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर गेली. मंदी संपल्याचे अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीने जाहीर केले ते डिसेंबर १९९२ मध्ये. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश नोव्हेंबरमध्येच निवडणूक हरले होते.

तरीही संकटाने सगळेच हलतात असे नाही. आपला पक्ष सत्तेवर असला की तीच अर्थव्यवस्था बरी दिसते. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून येताच रिपब्लिकन मतदारांचे अर्थव्यवस्थेबद्दलचे मत एकदम सुधारले, आकडे मात्र फारसे बदलले नव्हते. निकाल फिरवतात ते मधले, पक्षाला न बांधलेले लोक. १९३२ मध्ये अमेरिकेतला जवळजवळ दर चौथा कामगार बेकार होता, फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले, आणि तेव्हाही सत्तेवर असलेले अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना जवळपास ४० टक्के मते पडलीच.