पंचवीस गुणांची पिछाडी आणि घड्याळातली पावलं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. न्यू जर्सीतल्या मावसभावाने मला या खेळाची गोडी लावली, तेव्हापासून त्या एका सोमवारी मी गजर लावून उठतो. ६ फेब्रुवारी २०१७ ला असाच उठलो होतो. तिसऱ्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं उरली असताना अटलांटा फाल्कन्स २८, न्यू इंग्लंड पॅट्रियट्स ३ असा गुणफलक होता. जिंकण्याची शक्यता सांगणारी संगणकी प्रारूपं फाल्कन्सना ९९ टक्क्यांहून जास्त देत होती. पुढे टॉम ब्रेडीच्या पॅट्रियट्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ३४–२८ असा जिंकला.

त्या दिवसापासून एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे: ‘गणित तोंडावर पडलं, जिद्द जिंकली.’ या वाक्यातलं पहिलं अर्ध चूक आहे आणि दुसरं अपुरं आहे. हा लेख त्यासाठीच.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या संघाकडे चेंडूचा ताबा असतो, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकला की पुन्हा नवे चार प्रयत्न. अशा प्रत्येक प्रयत्नाला आपण इथे ‘चाल’ म्हणू. चाल सुरू होताच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. मैदानाच्या टोकापर्यंत गेलं की टचडाउनचे सहा गुण, त्यावर लाथेने एक किंवा धाडस करून दोन. लांबून खांबांमधून चेंडू मारला तर तीन. सामना साठ मिनिटांचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं गणित. नाणं उडवा. छापा आला तर एक पाऊल उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. शंभर वेळा उडवल्यावर तुम्ही सुरुवातीच्या जागेपासून किती दूर असाल? सरासरीने तिथेच असाल, पण प्रत्यक्षात साधारण दहा पावलं इकडे किंवा तिकडे भरकटलेले असाल. पंचवीस वेळाच उडवलं तर पाच पावलं. चारशे वेळा उडवलं तर वीस. म्हणजे भरकटणं पावलांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. याला यादृच्छिक भ्रमण म्हणतात. पाण्यात तरंगणारे परागकणांतले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना दिसतात, त्यामागेही हेच गणित आहे.

दोन संघांच्या गुणांतला फरक हा जवळपास असाच भरकटतो. हाल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये एनएफएलच्या निकालांवर एक सुंदर शोधनिबंध लिहिला. सामन्याआधी वर्तवलेला गुणफरक आणि प्रत्यक्षातला गुणफरक यांच्यातली तफावत घंटेच्या आकाराच्या वक्रावर नीट बसते, आणि तिचं प्रमाण विचलन सुमारे १३.८६ गुण आहे, असं त्याने दाखवलं. प्रमाण विचलन म्हणजे सोप्या भाषेत नेहमीच्या भरकटण्याचा आवाका. आता वर्गमुळाचा नियम लावा. साठ मिनिटांचा आवाका १३.८६ गुण असेल, तर शेवटच्या पंधरा मिनिटांचा त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा नसतो, निम्मा असतो: ६.९ गुण. तीस मिनिटांचा ९.८.

दोन तुल्यबळ संघ घ्या. मध्यंतराला सात गुणांनी मागे असलेला संघ जिंकण्याची शक्यता या हिशेबाने सुमारे २४ टक्के येते. तीच पिछाडी चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला असेल तर सुमारे १६ टक्के. उरलेला वेळ निम्मा झाला, पण आशा निम्मी झाली नाही. चौदा गुणांची पिछाडी असेल तर मात्र ७.७ टक्क्यांवरून थेट २ टक्क्यांच्या आसपास घसरगुंडी होते, कारण घंटेच्या वक्राचं शेपूट फार झपाट्याने बारीक होत जातं. याचा अर्थ, छोट्या पिछाडीतून सावरणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच नेहमीचं आहे आणि मोठ्या पिछाडीतून सावरणं आपल्याला वाटतं त्यापेक्षा दुर्मीळ.

मग त्या सोमवारचं काय? पिछाडी २५, उरलेली मिनिटं साडेतेवीस. आवाका निघतो ८.७ गुण. पंचवीसला ८.७ ने भागलं की २.९, आणि वक्राच्या शेपटात तिथून पुढे ०.२ टक्के शिल्लक राहतात. पॅट्रियट्सना सामन्याआधी तीन गुणांनी वरचढ धरलं होतं, ते जमेस धरलं तर ०.३ टक्के. कागद-पेन्सिलीने काढलेलं हे उत्तर मोठमोठ्या संगणकी प्रारूपांच्या उत्तराशी जुळतं, याचा मला आजही आनंद होतो. ०.३ टक्के म्हणजे साधारण तीनशेत एक. शून्य नव्हे. ९९ टक्के सांगितलेली गोष्ट शंभरात एकदा चुकायलाच हवी. कधीच चुकली नाही तर ते ९९ टक्के सांगणंच चूक ठरेल.

पण हे गणित एका गोष्टीकडे काणाडोळा करतं आणि क्वार्टरबॅकचं खरं कौशल्य नेमकं तिथेच दडलेलं आहे. वर मी मिनिटं मोजली. भ्रमण मिनिटांवर होत नाही, पावलांवर होतं. आणि एका मिनिटात किती पावलं पडतील, हे या खेळात ठरलेलं नसतं.

क्रिकेटमध्ये शेवटच्या दोन षटकांत बारा चेंडू म्हणजे बारा चेंडू, फलंदाज कितीही थोर असो. अमेरिकन फुटबॉलमध्ये घड्याळ ताणता येतं. फेकलेला चेंडू कुणीच झेलला नाही तर घड्याळ थांबतं. सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत खेळाडू चेंडू घेऊन सीमारेषेबाहेर गेला तरी थांबतं. प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट असतात. दोन मिनिटं उरली की घड्याळ आपोआप थांबतं. काहीच उरलं नसेल तर क्वार्टरबॅक चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटून एक प्रयत्न वाया घालवतो आणि बदल्यात सेकंद वाचवतो. आघाडीवरचा संघ नेमकं उलटं करतो. धावत मधोमध घुसायचं, पडायचं, पुढची चाल सुरू करायला दिलेले चाळीस सेकंद जवळजवळ संपवायचे. आपल्या कबड्डीत शेवटच्या मिनिटांत आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू तीस सेकंद रेषेपाशी घुटमळून परत येतो, तसंच. एकाला पावलं वाढवायची असतात, दुसऱ्याला संपवायची असतात.

याचा सर्वांत देखणा नमुना २२ जानेवारी १९८९ चा. मायामीतला सुपर बोल, सॅन फ्रान्सिस्को १३, सिनसिनाटी १६. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याच्याकडे चेंडू आला तो स्वतःच्याच टोकापासून आठ यार्डांवर, ३ मिनिटं १० सेकंद उरलेली. टचडाउन झालं तेव्हा ३४ सेकंद बाकी होते. मधल्या १५६ सेकंदांत ११ चाली आणि ९२ यार्ड. भागाकार करून पाहा: दर चालीला सरासरी १४ सेकंद. सावकाश खेळणाऱ्या संघाने तेवढ्या वेळात तीन-चार चाली केल्या असत्या. मोंटानाने त्याच घड्याळातून तिप्पट पावलं काढली. लोक त्याच्या शांतपणाबद्दल बोलतात, आणि तो शांत होताच. त्या शांतपणाचा उपयोग असा झाला की गोंधळात एकही सेकंद सांडला नाही.

२०१७ च्या सामन्यातही हाच आकडा बघावा. पॅट्रियट्सनी एकूण ९३ चाली खेळल्या, फाल्कन्सनी ४६. दुप्पट. अटलांटाचे बचावपटू शेवटी उभे राहायलाही थकले होते आणि थकव्यामुळे नाणं एका बाजूला झुकतं. इथे पावलं एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत, भ्रमणाला ओढ लागते. याचं गणित इतो या जपानी गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलनशास्त्रात येतं. त्यात ओढ आणि थरथर ही दोन वेगळी पदं असतात: ओढ वेळेच्या प्रमाणात साठत जाते, थरथर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून वेळ भरपूर असेल तर सरस संघाची ओढ जिंकते, वेळ थोडा असेल तर थरथर.

आणि आघाडीवरच्या संघाने काय केलं? पाचेक मिनिटं उरली असताना गुण २८–२०, चेंडू फाल्कन्सकडे, आणि हुलिओ जोन्सच्या अफाट झेलामुळे तो पॅट्रियट्सच्या २२ यार्डाच्या रेषेवर. तीन वेळा धावून घड्याळ जाळायचं आणि लाथेचे तीन गुण घ्यायचे, की आघाडी अकराची. आठ गुण एका ताब्यात फिटतात, अकरा फिटत नाहीत. त्याऐवजी एका धावेनंतर त्यांनी फेकायचं ठरवलं. क्वार्टरबॅक मॅट रायन चेंडूसह १२ यार्ड मागे पाडला गेला, पाठोपाठ दंडाचे यार्ड गेले आणि तीन गुणांचा पल्लाच संपला. थरथर कमी करायची गरज ज्याला होती त्यानेच ती वाढवली. सावरणारा क्वार्टरबॅक आपल्या लक्षात राहतो. त्याला पावलं परत देणारा समोरचा संघ राहत नाही.

म्हणूनच ‘याच्या नावावर चौथ्या क्वार्टरमधले इतके पुनरागमन-विजय’ ही यादी मला खटकते. पुनरागमन नोंदवायला आधी मागे पडावं लागतं. २०१६ च्या हंगामात डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्डने असे आठ विजय मिळवले, तो विक्रम होता. पण संघाचे एकूण विजय होते नऊ. याचा सरळ अर्थ असा की तो संघ चौथ्या क्वार्टरमध्ये पुढे क्वचितच असायचा. बाद फेरीत सिएटलने त्यांना २६–६ असं हरवलं.

माणसाला योगायोगात इशारे दिसतात, त्याचंही एक उदाहरण याच खेळातलं. ८ जानेवारी २०१२ ला डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टिम टीबो याने जादा वेळेतल्या पहिल्याच चालीवर ८० यार्डांची टचडाउनची फेक करून पिट्सबर्गला हरवलं. बरोबर तीन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या अंतिम सामन्यात, त्याने डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं ३:१६ हे वचन लिहिलं होतं. आता या सामन्यात त्याच्या फेकींचे एकूण यार्ड भरले ३१६, आणि दर यशस्वी फेकीची सरासरी ३१.६. लोक थक्क झाले. यशस्वी फेकी होत्या दहा. ३१६ ला दहाने भागलं की ३१.६ येणारच, तो दुसरा इशारा नव्हे, पहिलाच आकडा पुन्हा मोजला आहे. टीबोची श्रद्धा त्याची स्वतःची आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण जुळलेला आकडा छापायचा आणि न जुळलेले शेकडो आकडे सोडून द्यायचे, ही पद्धत भविष्य सांगणाऱ्यांची आहे. पुढच्याच सामन्यात डेन्व्हर ४५–१० असं हरलं.

शेवटी २०२२ चा मिनेसोटा व्हायकिंग्स संघ, कारण या विषयातलं सगळं त्याच्यात एकवटलं आहे. १७ डिसेंबरला ते इंडियानापोलिसविरुद्ध मध्यंतराला ३३–० असे मागे होते आणि जादा वेळेत ३९–३६ असे जिंकले. एनएफएलच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं पुनरागमन. आपल्या हिशेबाने अशी शक्यता अडीच हजारांत एक. हरलेल्या संघाचा क्वार्टरबॅक पुन्हा मॅट रायन, ज्याला त्याच्या थंड डोक्यामुळे ‘मॅटी आइस’ म्हणत. व्हायकिंग्सचा कर्क कझिन्स याने त्या हंगामात स्टॅफर्डच्या आठ पुनरागमनांची बरोबरी केली. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेले अकराच्या अकरा सामने संघाने जिंकले. नाण्याने अकरा वेळा लागोपाठ छापा यायची शक्यता २०४८ मध्ये एक. मात्र साऱ्या हंगामात त्यांनी केलेले गुण होते ४२४ आणि दिलेले ४२७.

बाद फेरीत न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ते २४–३१ असे मागे होते, शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. चौथा प्रयत्न, आठ यार्ड हवे होते. कझिन्सने फेकलेला चेंडू झेलला गेला, तीन यार्डांवर.