हवाई अंतर व उड्डाणकाल

हवाई अंतर व उड्डाणकाल : दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीच्या पृष्ठावरील, तिच्या केंद्राशीच केंद्र असलेल्या वर्तुळाच्या) लहान कंसाची लांबी. पृथ्वीच्या पाठीवर यापेक्षा जवळचा मार्ग नाही. मर्केटर नकाशावर (अक्षांश-रेखांश सरळ व परस्परांना काटकोनात दाखवणाऱ्या) मात्र हा कंस बहुधा ध्रुवाकडे वाकलेला दिसतो आणि आखलेली सरळ रेषाच जवळची वाटते.

गणनेसाठी अक्षांश-रेखांशांतून अंतर देणारे हॅव्हरसाइन सूत्र रूढ आहे. अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याच्या ज्येचा (साइन) वर्ग घ्यावा. रेखांशांतील फरकाच्या निम्म्याच्या ज्येच्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांनी (कोसाइन) गुणून तो त्यात मिळवावा. बेरजेच्या वर्गमुळाची व्यस्त ज्या दुप्पट करावी. हा कोन रेडियनमध्ये घेऊन ६,३७१ ने (पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किमी.) गुणल्यास अंतर किमी.मध्ये येते. गोलीय त्रिकोणमितीचा कोज्या-नियम तत्त्वतः हेच उत्तर देतो. पण १ किमी.च्या कंसाची कोज्या सात दशांश स्थळांच्या कोष्टकात १ च दिसते, म्हणून नाविकांना तो गैरसोयीचा होता.

सूत्राच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. हॅव्हरसाइन (निम्म्या कोनाच्या ज्येचा वर्ग) ही संज्ञा जेम्स इनमन यांनी १८३५ च्या सुमारास रूढ केली, म्हणून श्रेय पुष्कळदा त्यांनाच दिले जाते. तथापि जेम्स अँड्र्यू यांचे या राशीचे कोष्टक १८०५ चे आहे आणि होसे दे मेंदोसा इ रियोस यांनी तत्सम रीत अठराव्या शतकाच्या अखेरीसच वापरली असावी. इनमन यांना नामकरणाचे श्रेय देऊन थांबणे अधिक सयुक्तिक दिसते.

पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी (चपटेपणा सु. १/२९८) असल्याने गोल धरून काढलेले अंतर ०.५ टक्क्यापर्यंत चुकू शकते. टी. व्हिन्सेंटी यांची १९७५ ची रीत ही त्रुटी काढते. मात्र जवळजवळ प्रतिध्रुवस्थ (पृथ्वीच्या थेट विरुद्ध बाजूंच्या) बिंदूंसाठी तिची पुनःपुन्हा करावयाची आकडेमोड एका उत्तरावर स्थिरावत नाही. अर्ध्या टक्क्याहून मोठी तफावत आढळल्यास बहुधा आकडे भरण्यात चूक असते : पश्चिम रेखांशाचे ऋण चिन्ह लिहायचे राहून जाणे, १८ अंश ३० कला १८.३० लिहिणे (१८.५० हवे), किंवा विमानतळाऐवजी शहराचा मध्यबिंदू घेणे. सागरी मैल (१,८५२ मी.) आणि साधा मैल (सु. १,६०९ मी.) यांची गल्लतही नेहमीची.

उड्डाणकाल अंतराच्या प्रमाणात असतोच असे नाही. लंडन–न्यूयॉर्क हे सु. ५,५४० किमी. अंतर निवांत हवेत ताशी ९०० किमी. वेगाने ६ तास ९ मिनिटांत कापले जाईल. १०० किमी. वेगाचा वारा पाठीशी असता ५ तास ३२ मिनिटे, समोरून असता सु. ६ तास ५६ मिनिटे लागतात. जाण्यायेण्याची बेरीज निवांत हवेपेक्षा सु. ९ मिनिटांनी वाढतेच, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ घालवते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी झोतवाऱ्यात (उंचावरील वेगवान वायुप्रवाहात) एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. अंदाजासाठी किमी.ला ८५० ने भागून अर्धा तास मिळवावा. ही रीत वाऱ्याचा हिशेब धरत नाही.

प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापासून ढळतो तो वारे, हवाईक्षेत्रबंदी आणि दोन इंजिनांच्या विमानांसाठी पर्यायी विमानतळ ठरावीक वेळेच्या टप्प्यात असण्याचा नियम यांमुळे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकिओ प्रवास सु. साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. शहरांमधील अंतर अर्थातच तेवढेच राहिले.

वेळापत्रकातील कालावधी चाके हलल्यापासून थांबेपर्यंतचा असतो व त्यात धावपट्टीकडे जाण्या-येण्याचा वेळ येतो. दिलेल्या वेळा स्थानिक असतात, म्हणून वजाबाकीपूर्वी दोन्ही वेळा यूटीसीत (समन्वित जागतिक वेळेत) आणाव्यात.