शिडाच्या नौकेवरील अल्पखर्ची वास्तव्य व सफर

लहान शिडाच्या नौकेलाच घर करून, बेताच्या उत्पन्नावर किंवा साठवलेल्या पैशांवर दीर्घकाळ जलप्रवास करण्याची पद्धत. नौका बहुधा ७ ते १२ मी. लांबीची, जुनी किंवा स्वतः बांधलेली असते व दुरुस्तीची बहुतेक कामे मालकच करतो. मोकेन, बजाऊ इ. आग्नेय आशियाई नौकावासी समाजांचे जीवन परंपरागत उपजीविकेशी निगडित असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पगारी खलाशांवाचून फिरणाऱ्या इंग्रज हौशी नाविकांपासून होते. इ. एफ. नाइट यांनी जहाजावरील जुन्या जीवरक्षक नौकेत फेरफार करून १८८७ मध्ये केलेली बाल्टिक समुद्राची सफर हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा पक्ष जोशुआ स्लोकम यांना आद्य मानतो. त्यांनी फेअरहेव्हन (मॅसॅचूसेट्स) येथे शेतात पडून असलेली कालवे पकडण्याची ‘स्प्रे’ ही जीर्ण नौका जवळजवळ नव्याने बांधली आणि एप्रिल १८९५ ते जून १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. साहित्याचा खर्च त्यांनी ५५३.६२ डॉलर दिला आहे. हा आकडा वारंवार उद्‌धृत होतो. मात्र त्यांची स्वतःची १३ महिन्यांची मजुरी त्यात धरलेली नाही. कालमापक (जहाजावरील अचूक घड्याळ) दुरुस्त करून घेण्यास १५ डॉलर पडले असते, म्हणून त्यांनी तबकडी फुटलेले पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेतले. पुढे त्याचा मिनिटकाटा गळून पडला आणि ते पाण्यात उकळून पुन्हा चालू करावे लागले. तथापि स्लोकम व्यावसायिक कप्तान होते. त्यामुळे सामान्य माणसाला अनुकरणीय असा पहिला दाखला हॅरी पिजन यांचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. समुद्रावरील जुजबी अनुभव असलेल्या पिजन यांनी ‘आयलंडर’ ही ३४ फुटी नौका स्वतः बांधली आणि १९२१–२५ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टींनी हा मार्ग अनेकांना खुला झाला. १९६० च्या सुमारापासून फायबरग्लासच्या नौका कारखान्यांत मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. या नौकांचे तळ लाकडाप्रमाणे कुजत नसल्याने पुढे जुन्या नौकांचा बाजार उभा राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याच्या पात्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू. ब्लाँडी हॅस्लर यांनी १९६० च्या एकल अटलांटिक शर्यतीत ‘जेस्टर’ या २५ फुटी नौकेवर ते वापरले व दुसरा क्रमांक मिळवला. विजेशिवाय चालणाऱ्या या यंत्रणेमुळे जास्तीचा माणूस नेण्याची गरज उरली नाही.

खर्चाचे गणित खरेदीच्या किमतीपेक्षा नौकेच्या वजनावर अधिक ठरते. सारख्याच आकाराच्या नौकांचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगाची मर्यादा मात्र (नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत) पाणरेषेच्या (नौकेचा काठ पाण्याला टेकतो त्या रेषेच्या) फुटांतील लांबीच्या वर्गमुळाच्या सुमारे १.३४ पट असते. पाणरेषा २५ फुटांवरून ३६ फुटांवर नेली, तर वेग ६.७ वरून सुमारे ८ नॉटवर जातो, पण वजन जवळजवळ तिप्पट होते. शिडे, दोर, नांगर, रंग व धक्क्याचे भाडे त्यामागोमाग वाढतात. लिन व लॅरी पार्डी या दांपत्याने २४ फुटी ‘सेराफिन’ इंजिनाशिवायच वापरली. इंजिन नसणे ही बचत की धोका, हा वाद जुना आहे. अरुंद खाड्या व गजबजलेली बंदरे पाहता लहान इंजिनाची बाजू आज वरचढ ठरते. पनामा कालवा तर निव्वळ शिडांवर ओलांडूच देत नाहीत.

मरिनाऐवजी (भाड्याने मिळणाऱ्या नौकातळाऐवजी) नांगरावर मुक्काम ही सर्वांत मोठी बचत. त्यासाठी पाण्याच्या खोलीच्या निदान चार-पाच पट साखळी सोडावी लागते. दोर असल्यास सुमारे सातपट. दुसरी बचत तळाच्या सफाईत. क्रेनचे भाडे टाळण्यासाठी नौका भरतीला भिंतीलगत उभी करतात. पाणी उतरेल तसे बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) व शेवाळ खरवडत खाली जायचे आणि पुढची भरती येण्याआत तांबेयुक्त रंगाचा हात मारायचा, असे हे घाईचे काम असते. भूमध्य समुद्रासारख्या, भरती-ओहोटी नगण्य असलेल्या ठिकाणी ते शक्य नसते.

पिण्यासाठी पावसाचे पाणी साठवणे, सौर तावदाने बसवणे, वाटेत हंगामी मजुरी करणे हे उपाय सर्वत्र आढळतात.

अंतर्गत जलमार्गांवरील (कालवे, नद्या इ.) वास्तव्याला वेगळे नियम लागू होतात. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्यानुसार बांधून ठेवण्याची कायमची जागा नसलेल्या नौकेला एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक काळ सहसा राहता येत नाही. ‘ठिकाण’ म्हणजे नेमके किती अंतर, हे मात्र कायद्यात सांगितलेले नाही.