सापाला ऊब हवी, पण कोणती?

"पेटीतला थर्मामीटर 32 दाखवतोय, म्हणजे झालं ना काम?" नव्याने साप पाळणारा हे हमखास विचारतो. गंमत अशी की 32 चा आकडा हीट मॅटनेही (सापाच्या पोटाखाली तापणारी चटई) गाठता येतो, सिरॅमिक बल्बनेही (उजेड न देता फक्त तापणारा) आणि हॅलोजन दिव्यानेही. सापाच्या अंगात शिरणारी ऊब मात्र तिन्हींची वेगळी, आणि तो फरक थर्मामीटरला कळत नाही.

आधी 'थंड रक्ताचा प्राणी' हा शब्दप्रयोग मोडीत काढू. ऊन खात पडलेल्या सापाचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. ती उष्णता तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो, इतकंच. म्हणून पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार ठेवतात. बॉल पायथन या पाळीव अजगरासाठी साधारण 32 आणि 25 अंश सेल्सिअस. पेटी सगळीकडे गार राहिली तर पचन मंदावतं आणि गिळलेला उंदीर उलटीवाटे बाहेर पडू शकतो. (साप हातावर वेटोळं घालून निवांत बसतो, तेव्हा त्याला तुमचा लळा लागला असं समजून हुरळून जाऊ नका. तुमचे तळवे गरम असतात.)

आता माझ्या आवडीचा भाग. वस्तू जितकी जास्त तापलेली, तितकी तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रारणाची (उष्णतेच्या लहरींची) तरंगलांबी आखूड. वीनचा नियम सांगतो की 2898 ला केल्विनमधल्या तापमानाने (सेल्सिअस अधिक 273) भागा, म्हणजे प्रारणाचं शिखर, जिथे ते सर्वांत जास्त असतं, किती मायक्रॉनवर (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे ते मिळतं. हॅलोजनची तार सुमारे 2800 केल्विनला असते, शिखर 1 मायक्रॉनच्या आसपास. 500 केल्विनपर्यंत तापलेल्या सिरॅमिकचं जवळपास 6 वर. 35 अंशांची, म्हणजे 308 केल्विनची मॅट 9 च्याही पुढे.

या आकड्यांना महत्त्व येतं ते पाण्यामुळे. सापाचं शरीर बहुतांशी पाणीच, आणि 3 मायक्रॉनच्या पुढचं अवरक्त (डोळ्यांना न दिसणारं, इन्फ्रारेड) प्रारण पाणी अधाशासारखं शोषतं. त्यामुळे सिरॅमिकची ऊब त्वचेच्या वरच्या, मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ थरात संपते. पुढे ती आत न्यायची ती रक्ताने. 1 मायक्रॉनच्या आसपासचं प्रारण काही मिलिमीटर खोल, स्नायूंपर्यंत जातं. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हातलं बरंचसं अवरक्त याच पट्ट्यातलं. जाड अंगाच्या अजगरासाठी हा फरक मोठा.

मॅटचं गणित आणखी निराळं. 30 सेंटिमीटर लांब-रुंद, 35 अंशांची मॅट 25 अंशांच्या पेटीत प्रारणातून जेमतेम पाच-सहा वॅट देते. त्यात पेटीतली हवा काय तापणार? ती तापवते फक्त टेकलेलं पोट. शिवाय साप वर बसला की उष्णतेची वाट अडते, खालचा भाग तापत जातो आणि पोट भाजतं. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावूच नये. हॅलोजनला मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट हवा. साधा चालू-बंद होणारा लावलात तर पेटीत दिवसभर उजेड-अंधाराचा खेळ.

हवेचंही एक लक्षात ठेवा. 21 अंशांची हवा 32 पर्यंत तापवली, तर सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते, मग साधन कोणतंही असो. कात तुकड्या-तुकड्यांनी निघू लागली की आधी आर्द्रता तपासावी.

रात्रीसाठी लाल बल्ब खपवले जातात, 'सापाला लाल दिसत नाही' अशी जाहिरात करून. ही शुद्ध थाप. सापांच्या डोळ्यांत लांब तरंगलांबीला प्रतिसाद देणारं रंगद्रव्य असतं. रात्री ऊब द्यायचीच तर उजेड न देणारं सिरॅमिक बरं. आता, बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, आणि 2010 साली संशोधकांनी त्यामागचं ट्रपए-1 हे प्रथिन ओळखलं. म्हणजे आपल्याला काळंकुट्ट दिसणारं ते सिरॅमिक त्याच्या लेखी रात्रभर झगमगतच असणार. कॉर्न स्नेकला अशा खाचा नसतात, त्याला खरोखरच अंधार.