तत्त्वज्ञान आणि अध्यात्म: शंका वेगळी, आक्षेप वेगळा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत एखाद्या सभागृहाबाहेर ‘तत्त्वज्ञानावर व्याख्यान’ असा फलक लागला, तर आत येणारा मराठी श्रोता बहुधा ज्ञानेश्वरीतील ओव्यांचे निरूपण किंवा गीतेतील कर्मयोगाचे विवेचन ऐकण्याच्या तयारीने येतो. व्याख्यात्याने आत्म्याऐवजी वाक्याच्या सत्यतेचा प्रश्न काढला, तर हे तत्त्वज्ञान कसले, असे त्याला वाटते. या गोंधळाला आपला शब्दही थोडा जबाबदार आहे. ‘तत्त्वज्ञान’ म्हटले की तत्त्व कळून चुकले आहे आणि आता ते सांगायचे तेवढे राहिले आहे, असा ध्वनी उमटतो. याच विषयाला कन्नडमध्ये ‘तत्त्वशास्त्र’ म्हणतात आणि दोन्ही भाषांतले फलक वाचत वाढलेल्या सीमाभागातील माणसाला हा फरक सहज टिपता येतो. ज्ञान हाती आलेले असते, तर शास्त्र म्हटले की पद्धत आली, शिस्त आली आणि तपासणी आली. मूळ ग्रीक शब्दाचा दावा तर याहूनही लहान आहे. ‘फिलोसोफिया’ म्हणजे शहाणपणाची ओढ, आणि ज्याला ओढ आहे त्याच्यापाशी ती वस्तू अजून पुरती नाही, हे त्यातच आले. हा शब्द स्वतःसाठी प्रथम पायथागोरसने वापरला, अशी परंपरा सांगते.

‘अध्यात्म’ शब्दाची गोष्ट निराळी आहे. आत्म्याला धरून जे आहे ते अध्यात्म; गीतेच्या आठव्या अध्यायात ‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’ अशी त्याची व्याख्याच दिलेली आहे. आजच्या व्यवहारात मात्र या शब्दाने नामस्मरण, साधना, गुरूचा अनुग्रह आणि साक्षात्काराची वाट एवढे सगळे सुचवले जाते.

आता या दोहोंत फरक कुठे करायचा? विषयावरून तो करता येत नाही, कारण आत्मा, मृत्यू, सत्य आणि सुख हे प्रश्न दोघांचेही आहेत. फरक दिसतो तो प्रश्नाचे पुढे काय होते यात, आणि त्यासाठी मृत्यूच्या तोंडावर झालेले दोन संवाद शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला कठोपनिषदातला. नचिकेता तीन रात्री यमाच्या दारात उपाशी थांबतो, तीन वर मिळवतो आणि तिसऱ्या वराने विचारतो की, माणूस गेल्यावर तो उरतो असे काही म्हणतात, उरत नाही असे काही म्हणतात, तर खरे काय? यम लगेच उत्तर देत नाही. तो धन, दीर्घायुष्य आणि राज्य देऊ करतो, मुलगा ते नाकारतो, आणि ते नाकारल्यावरच तो ऐकण्यास पात्र ठरतो. पुढे यम स्पष्टच सांगतो, ‘नैषा तर्केण मतिरापनेया’, ही समज तर्काने मिळणारी नाही. (बोलीत आपण ‘तर्क’ म्हणजे नुसता अंदाज असे समजतो; येथे अर्थ युक्तिवादाचा आहे.) विरक्ती ही येथे पात्रता आहे, उत्तर जाणत्या गुरूकडून यायचे आहे आणि त्याची खूण शिष्याच्या बदललेल्या अंतःकरणात शोधायची आहे.

दुसरा संवाद अथेन्सच्या तुरुंगातला, इसवी सनापूर्वी 399 मधला. त्या दिवशी सॉक्रेटिसला विष प्यायचे आहे आणि भोवती मित्र बसले आहेत. आत्मा अमर आहे, असे तो मांडतो. प्लेटोने लिहून ठेवलेल्या या प्रसंगात सिमियास म्हणतो की, आत्मा हा वाद्यातल्या सुरांच्या मेळासारखा असेल, तर वाद्य मोडताच मेळही जाईल. केबीस त्याच्याही पुढे जातो. विणकर आयुष्यात अनेक वस्त्रे विणतो, वापरून झिजवतो आणि तरीही शेवटच्या वस्त्राच्या आधी स्वतः मरतो. तसा आत्माही अनेक देह झिजवून अखेरच्या देहाच्या आधी संपत नसेल कशावरून?

बेळगावातील शहापूर-वडगावच्या मागांचा आवाज ऐकलेल्या वाचकाला हा दृष्टांत परका वाटू नये. ‘वासांसि जीर्णानि’ हा गीतेतला श्लोक तर आपल्याकडे घरोघरी, विशेषतः दुःखाच्या दिवसांत, म्हटला जातो: जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी घेतो, तसा देही देह बदलतो. प्रतिमा जवळपास तीच आहे. पण श्लोक ऐकताना कोणी उठून ‘वस्त्रे बदलणाराही एक दिवस संपतोच ना?’ असे विचारत नाही, आणि विचारू नये हेच तेथे योग्य असते, कारण शोकात बसलेल्या घराला त्या क्षणी धीर हवा असतो. तुरुंगात मात्र नेमका हाच प्रश्न विचारला जातो आणि मरायला निघालेला माणूस तो मनापासून ऐकतो. सॉक्रेटिसची पर्वा कमी करा, सत्याची अधिक करा, असे तो मित्रांना सांगतो आणि युक्तिवाद एकदा फसला म्हणून युक्तिवादाचाच तिटकारा येऊ देऊ नका, असा इशाराही देतो. त्याने नंतर दिलेली उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत, पण ती अपुरी ठरवण्याचा अधिकार वाचकाला आहे, हाच तत्त्वज्ञानाचा विशेष होय.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. प्रवचनानंतर शंकानिरसन होते. शंका ही ऐकणाऱ्याच्या समजुतीतली उणीव मानली जाते आणि जाणता ती दूर करतो. आक्षेप मात्र बोलणाऱ्याच्या मांडणीतली उणीव दाखवतो आणि तो टिकला तर मांडणी बदलावी लागते. अध्यात्मात शंकेला जागा आहे. तत्त्वज्ञान आक्षेपावाचून चालत नाही.

यावरून ‘भारतात अध्यात्म आणि ग्रीसमध्ये तत्त्वज्ञान’ अशी वाटणी कोणी करू लागला, तर ती चूक होईल. आपल्या दर्शनग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मांडायची आणि मग उत्तर द्यायचे, असा रिवाज आहे. प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, किती, याविषयी नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार मोजतात, तर जडवादी चार्वाक केवळ प्रत्यक्ष मानतात. बौद्धांनी नित्य आत्माच नाकारला. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्व दर्शनांचा संग्रह केला, तेव्हा आरंभ चार्वाकापासून केला. वादाचेही न्यायदर्शनाने प्रकार पाडले: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडायचे ती वितंडा. आपल्या ‘वितंडवाद’ या शब्दाचे मूळ येथे आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात तर ‘अध्यात्मविद्या विद्यानां वादः प्रवदतामहम्’ अशी दोघांचीही नावे एकाच ओळीत, पण वेगवेगळी आली आहेत. आणि ज्ञानेश्वर? अमृतानुभवात ते अज्ञानवादाचे, म्हणजे अज्ञानाला खरे अस्तित्व देणाऱ्या मताचे, खंडन करतात आणि शिवाने किंवा श्रीवल्लभाने (श्रीकृष्णाने) सांगितले म्हणून आपण हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच असते, अशा आशयाची भूमिका घेतात. असा सिद्ध पुरुष आक्षेपाच्या आखाड्यात उतरतो, तेव्हा आपल्या हाती एकाच ग्रंथात दोन्ही गोष्टी येतात.

ग्रीकांची सुरुवातही मतभेदातूनच झाली. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील मिलेटस नगरात थेलिसने सर्वांचे मूळ पाणी आहे, असे म्हटले. त्याच्या मागून आलेल्या अ‍ॅनॅक्सिमँडरने ते पाणी नसून काहीतरी अमर्याद आणि अनिश्चित आहे, असे मांडले. पुढच्याने मागच्याला खोडणे ही तेथे परंपराच बनली.

गोंधळाचा खरा तोटा तत्त्वज्ञानाच्या शाखा पाहिल्या की लक्षात येतो. मुळात काय आहे हे विचारणारे सत्ताशास्त्र आणि कसे कळते हे विचारणारी ज्ञानमीमांसा, या दोन शाखांचा अध्यात्माशी संबंध सहज जुळतो. नीतिशास्त्राचाही जुळतो, फक्त साधकाला सदाचार ही पूर्वतयारी असते आणि तत्त्वज्ञ ‘अमुक वागणे चांगले का?’ येथे अडून बसतो. पण तर्कशास्त्र, सौंदर्यशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान यांचे काय? तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म असे धरले, की या शाखा दिसेनाशाच होतात, आणि सीमाभागात तर हे विशेष खटकते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून येथे कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालते: प्रदेश कोणाचा हे भाषिक बहुसंख्येने ठरावे, भौगोलिक सलगतेने, की रहिवाशांच्या इच्छेने? मोजणीचे एकक खेडे धरावे की तालुका? हे निकष एकमेकांशी भिडले तर श्रेष्ठ कोणता? निकाल कोणताही लागो, हे प्रश्न राजकीय तत्त्वज्ञानाचे आहेत, आणि ते विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपण तत्त्वज्ञान करतो आहोत असे कधी मानले नाही.

दोन्ही वाटा एकाच माणसात पाहायच्या तर गुरुदेव रा. द. रानडे यांच्याकडे पाहावे. 1886 मध्ये जमखंडीत जन्म, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन आणि पुढे कुलगुरूपद, आणि 1957 मध्ये निंबाळच्या आश्रमात देहावसान. ग्रीक तत्त्वज्ञांवर त्यांनी लिहिले आणि 1926 साली उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचा विस्तृत चिकित्सक ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. दुसरीकडे नामसाधना आयुष्यभर चालू ठेवली. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचे मंदिर आणि तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासाची त्यांची संस्था आहे, आणि त्या संस्थेच्या नावातही तत्त्वज्ञान आणि धर्म हे दोन शब्द स्वतंत्र ठेवलेले आहेत.

रानड्यांनी मराठीप्रमाणे कन्नड संतवाङ्मयाचाही अभ्यास केला, आणि कन्नडने येथे एक सोय करून ठेवली आहे. रोजच्या जगण्यातला तो ‘अनुभव’ आणि शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील संतांच्या, वचनांतला, साक्षात्काराकडे नेणारा तो ‘अनुभाव’. मराठीत ‘अनुभाव’ काव्यशास्त्रातील रसचर्चेपुरता उरला आणि दोन्हींचा भार एकट्या ‘अनुभवा’वर पडला. त्यामुळे ‘मला अनुभव आला’ असे कोणी म्हटले, की त्यावर आक्षेप घ्यायचा की नमस्कार करायचा, हे मराठी श्रोत्याला बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ओळखावे लागते.